वाळूचा ढीग आणि बागांचं मंडळ
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आपल्यातल्या बहुतेकींच्या गावाला गायरान आहे, किंवा होतं. कुठं त्याच्यावर शाळा उभी राहिली, कुठं घरकुलं, कुठं पाण्याची टाकी. कुठं कुणीतरी हळूच बांध सरकवला. सगळ्यांची जमीन म्हणजे कुणाचीच नाही, असं म्हणता म्हणता ती हातची जाते. आज मी तुम्हाला एका परक्या शहराच्या गायरानाची गोष्ट सांगणार आहे. ते शहर म्हणजे अमेरिकेतलं बॉस्टन. तिथलं गायरान जवळजवळ चारशे वर्षं टिकलंय. ते कसं टिकलं, त्यापुढं शहरभर बागा कशा झाल्या, त्या सांभाळायला मंडळ कसं नेमलं, आणि त्या मंडळाला लहान मुलांकडं बघायला कुणी शिकवलं, हे आपण बघू. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच सांगून टाकते. हे काम केलं बायकांनी. त्यातही अशा बायकांनी, ज्यांना शहराच्या कारभारात मत द्यायचाही हक्क नव्हता.

गाईंची जागा

साल होतं १६३४. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराजांचे बालपणाचे दिवस चालले होते. इंग्लंडहून बोटीनं गेलेल्या लोकांनी बॉस्टन वसवून जेमतेम चार वर्षं झाली होती. त्यांना गाई चारायला जागा हवी होती. विल्यम ब्लॅक्स्टन नावाचा एक गोरा माणूस त्यांच्या आधीपासून तिथं राहत होता. त्याच्याकडून त्यांनी जमीन घेतली. तीस पौंड किंमत ठरली. एकट्यादुकट्यानं पैसे भरले नाहीत, घरटी किमान सहा शिलिंग वर्गणी काढली. म्हणजे ही जागा सगळ्या घरांनी मिळून विकत घेतलेली. पण एक गोष्ट विसरता कामा नये. त्या मुलखात त्याही आधी मॅसॅच्युसेट नावाचे मूळचे लोक राहत होते. राज्याचं नावसुद्धा त्यांच्याच नावावरून पडलंय. या खरेदीत मात्र त्यांना कुठं स्थान नव्हतं.

या जागेला ‘बॉस्टन कॉमन’ म्हणतात. कॉमन म्हणजे सामाईक. आजही ती साधारण ५० एकर आहे, भर शहरात, मोठमोठ्या इमारतींच्या मधोमध. ती टिकली याचं पहिलं कारण म्हणजे लोकांनी वेळेवर नियम लिहून ठेवले. १६४० मध्येच ठराव झाला, की यापुढं कॉमनमधली जमीन घरासाठी किंवा परसासाठी कुणालाही द्यायची नाही. १६४६ मध्ये ठरलं, की ७० च्या वर दुभत्या गाई तिथं सोडायच्या नाहीत. कारण गवत तेवढंच, आणि सगळ्यांनी हवी तेवढी जनावरं सोडली तर कुणाच्याच गाईचं पोट भरणार नाही. १८२२ मध्ये बॉस्टनला शहराचा दर्जा मिळाला. तेव्हा सनदेतच लिहिलं गेलं, की नगर परिषदेनं कॉमनची निगा राखायची, पण विकायचा अधिकार तिला नाही. गाई चारणं १८३० मध्ये बंद झालं. गाई गेल्या तरी जागा राहिली, ती माणसांना फिरायला.

मंडळ नेमलं

पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत बॉस्टन फुगलं. कारखाने आले, आयर्लंडहून आणि इतर देशांतून मजूर आले. एका खोलीत एकेक कुटुंब राहू लागलं. शहराच्या पश्चिमेला खाडीचा भाग होता. तिथं नाल्याचं घाण पाणी येऊन साचायचं, आणि ओहोटीला असा वास सुटायचा की आसपासच्यांना खिडक्या उघडता येत नव्हत्या. लोकांनी अर्ज केले, जाहीर सभा घेतल्या, की शहराला मोकळी हवा पाहिजे, बागा पाहिजेत. १८७० मध्ये कायदा आला, पण लोकांच्या मतदानात लागणारी मतं त्याला मिळाली नाहीत. १८७५ मध्ये पुन्हा कायदा आला. त्यावर जूनमध्ये मतदान झालं आणि तो मंजूर झाला. त्या कायद्यानं तीन जणांचं पार्क कमिशन नेमलं. आपण त्याला बागांचं मंडळ म्हणू.

हे मंडळ काय करायचं? आपल्या बचत गटाची पद्धत डोळ्यासमोर आणा म्हणजे लगेच समजेल. गटात कोणतं कर्ज आधी द्यायचं हे अध्यक्षबाई घरी बसून ठरवत नाहीत. बैठक होते, मागण्या ऐकल्या जातात, शिल्लक बघितली जाते, मग ठराव लिहिला जातो. मंडळाचंही तसंच. आधी त्यांनी वस्त्यावस्त्यांतल्या लोकांचं म्हणणं ऐकलं, कारण ज्याला त्याला बाग आपल्याच दारात हवी होती. मग शहराचा नकाशा पुढं घेऊन, जमिनींचे भाव बघून १८७६ मध्ये अख्ख्या शहराची योजना मांडली. कुठं मोठी बाग, कुठं नदीकाठ, कुठं तलाव, आणि या सगळ्यांना जोडणारे झाडांचे रस्ते.

पैशाच्या किल्ल्या मात्र मंडळाच्या हातात नव्हत्या. त्या होत्या नगर परिषदेकडे. १८७७ मध्ये परिषदेनं त्या घाणेरड्या खाडीतली जमीन घ्यायला ४,५०,००० डॉलर मंजूर केले, आणि अट घातली, की कमीत कमी १०० एकर जमीन मिळाली पाहिजे. कायद्यात आणखी एक शहाणपणाचं कलम होतं. बाग झाली की शेजारच्या जमिनीचा भाव वाढतो. हा वाढलेला भाव मालकाच्या कष्टाचा नसतो, तो सगळ्यांच्या पैशातून झालेल्या बागेमुळं मिळतो. म्हणून त्या वाढीतला वाटा शहरानं मालकाकडून वसूल करायचा.

मंडळानं फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या माणसाला १८७८ मध्ये कामाला घेतलं. न्यूयॉर्कची मोठी बाग त्यानं आणि त्याच्या भागीदारानं मिळून आखली होती. बॉस्टनमध्ये त्याचं पहिलं मोठं काम फुलझाडांचं नव्हतंच. नाल्याचं पाणी वळवायचं, भरतीचं पाणी अडवायला दरवाजे बसवायचे, चिखलाच्या जागी पाणवनस्पती लावायच्या, असं ते काम होतं. म्हणजे आधी गटारीचा बंदोबस्त, मग बाग. पुढं एकेक करत बागांची साखळीच तयार झाली. तिला तिथं ‘पाचूचा हार’ म्हणतात. सगळी मिळून साधारण ११०० एकर जागा. या हारातला एक मणी म्हणजे वनस्पतींचं मोठं उद्यान. ते हार्वर्ड विद्यापीठाचं होतं. १८८२ मध्ये करार झाला : विद्यापीठानं जमीन शहराच्या नावावर केली, आणि शहरानं तीच जमीन विद्यापीठाला एक डॉलर वार्षिक भाड्यानं एक हजार वर्षांसाठी परत दिली. झाडं विद्यापीठानं सांभाळायची, रस्ते शहरानं, आणि आत जायला मुभा सगळ्यांना.

वाळूचा ढीग

आता या सगळ्यात कमी काय पडलं ते सांगते. हारातली सगळ्यात मोठी बाग म्हणजे फ्रँकलिन पार्क, ५०० एकरांहून मोठी. ओल्मस्टेडच्या मनात ती शांतपणे बघायची बाग होती. हिरवं कुरण, त्यावर चरणारी मेंढरं, मोठी झाडं, थकल्या माणसाच्या डोळ्यांना गारवा. कल्पना चांगलीच होती. पण शहराच्या उत्तर टोकाला दाटीवाटीच्या गल्लीत राहणाऱ्या मजुराच्या चार वर्षांच्या पोरानं तिथं कसं जायचं? अंतर कित्येक मैलांचं. आई कामावर. ते पोर खेळायचं गल्लीत, घोडागाड्यांच्या चाकांजवळ. योजना अख्ख्या शहराची होती, पण त्या पोराचं घर तिच्यात दिसत नव्हतं.

हे एका डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं. त्यांचं नाव मारी झाकझेव्स्का. जन्म बर्लिनचा, १८२९ चा. बॉस्टनमध्ये बायकामुलांसाठी त्यांनी १८६२ मध्ये दवाखाना काढला होता. १८८५ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. तिथल्या बागांमध्ये वाळूचे ढीग टाकलेले होते आणि गरीब-श्रीमंत सगळी मुलं त्यात उकरत बसलेली. त्यांनी बॉस्टनमधल्या एका संस्थेला पत्र लिहून हे कळवलं. आरोग्यासाठी काम करणारी ही संस्था बायकांच्या पुढाकारानं चालायची. त्या बायकांनी योजनेची वाट बघितली नाही. उत्तर टोकाच्या पार्मेंटर स्ट्रीटवर एका प्रार्थनामंदिराच्या अंगणात त्यांनी वाळूचा ढीग ओतला. लाकडी फावडी ठेवली. लक्ष ठेवायला एक बाई बसवली. त्या उन्हाळ्यात आठवड्यातून तीन दिवस साधारण पंधराएक मुलं यायला लागली.

पंधरा मुलं म्हणजे किती? आपल्या एका अंगणवाडीएवढी. पण १८८७ पर्यंत अशा दहा जागा झाल्या. तोपर्यंत स्वयंसेविका होत्या, आता पगारी बाया नेमल्या. पुढं शाळांची अंगणं मिळवली. सुट्टीत शाळा बंद असतात, अंगण रिकामं पडलेलं असतं, मग ते का वापरू नये, हा साधा हिशेब त्यांनी मांडला. सुरुवातीची चौदा वर्षं हे बव्हंशी देणग्यांवर चाललं. १८९९ मध्ये नगर परिषदेनं पहिल्यांदा या कामाला पैसे दिले, ३,००० डॉलर.

इथं आपल्या माणसांची आठवण येते. याच दिवसांत पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभाला म्हणून त्या १८८६ मध्ये तिथं गेल्या, आणि पुढं गावोगाव भाषणं देत फिरल्या. वाळूच्या दहा जागा झाल्या त्याच वर्षी, १८८७ च्या डिसेंबरात, बॉस्टनमध्ये रमाबाईंच्या कामाला मदत करणारी संस्था स्थापन झाली. दहा वर्षं पैसा उभा करायचं तिनं ठरवलं. त्याच बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, विधवांना आणि मुलींना शिकवण्यासाठी. त्या काळी बॉस्टनच्या बायकांना शाळा समितीच्या निवडणुकीपुरतं मत होतं, तेही १८७९ पासून. पूर्ण मताधिकार मिळायला १९२० उजाडलं. मत नव्हतं, पण चार बाया एकत्र बसून हिशेब ठेवायला आणि ठरवलेलं तडीला न्यायला त्या शिकल्या होत्या.

मुलींची जागा

बागांच्या मंडळानं हे बघितलं. चार्ल्स नदीच्या काठी मजुरांच्या वस्तीला लागून मंडळानं एक छोटी बाग केली, चार्ल्सबँक. तिथं १८८९ मध्ये उघड्यावरची व्यायामशाळा सुरू झाली, ती फक्त पुरुषांसाठी. दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, तिथंच बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळा भाग झाला. झोके, शिड्या, पळायची जागा आणि वाळू. हा भाग चालवायला मंडळानं त्याच बायकांच्या संस्थेकडे दिला. सरकारी जमीन, सरकारी बांधकाम, आणि देखरेख बायकांची.

हे महत्त्वाचं का, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या गावात मैदान असतं, पण त्यावर कोण दिसतं? क्रिकेट खेळणारी पोरं. मुलींना कुणी ‘जाऊ नका’ असं तोंडानं म्हणत नाही, तरी त्या जात नाहीत. तिथं एखादी जबाबदार बाई बसलेली असली, की आई पोरीला धाडते. जागा नुसती मोकळी सोडून भागत नाही, ती कुणासाठी मोकळी आहे हेही कुणीतरी बघावं लागतं.

हळूहळू मंडळाचं कामच बदललं. १९१२ मध्ये शहरानं बागा, सार्वजनिक मैदानं, न्हाणीघरं आणि उघड्यावरचं संगीत ही वेगवेगळी खाती एकत्र केली. नव्या खात्याच्या नावात बागेच्या जोडीला ‘करमणूक’ हा शब्द आला. बाग आधी बघायची गोष्ट होती, आता ती वापरायची झाली. या बदलाची सुरुवात त्या वाळूच्या ढिगापासून झाली होती.

राखलं नाही तर जातं

पण एकदा मिळालं म्हणजे कायमचं मिळालं, असं नसतं. त्याच चार्ल्स नदीच्या काठावर पुढं लांबलचक हिरवा पट्टा करायचं ठरलं. हा पट्टा शहराच्या नाही, राज्याच्या मंडळाकडे होता. हेलन स्टॉरो नावाच्या बाईंनी पतीच्या आठवणीसाठी त्याला १० लाख डॉलर दिले. त्याच वेळी काठावरून मोटारींचा मोठा रस्ता न्यायचा बेत निघाला. बाईंचा आणि बऱ्याच लोकांचा त्याला विरोध होता, म्हणून १९२९ मध्ये तो बाजूला पडला. १९४४ मध्ये बाई वारल्या. पाचच वर्षांनी राज्याच्या सभागृहानं रस्ता मंजूर केला आणि १९५१ मध्ये तो सुरू झाला. वर त्याला नाव दिलं स्टॉरो ड्राइव्ह, बाईंच्या पतीचं. ज्यांच्या घरच्या पैशानं बाग झाली, त्यांच्याच नावाचा रस्ता ती बाग कापत गेला.

दुसरीकडे फ्रँकलिन पार्कची अवकळा झाली. आजूबाजूला आता कृष्णवर्णीय कुटुंबं राहत होती, आणि शहराचं लक्ष उडालं होतं. गवत माजलं, कचरा साठला, जुनी बांधकामं पडली. तेव्हा एल्मा लुईस पुढं आल्या. त्याच भागात त्यांनी १९५० मध्ये नाच-गाण्याची आणि कलेची शाळा काढली होती. लोकांना हाताशी धरून त्यांनी पडक्या जागेची साफसफाई केली आणि १९६६ पासून उन्हाळ्यात तिथं फुकट कार्यक्रम सुरू केले. ड्यूक एलिंग्टन यांच्यासारखे नावाजलेले कलाकार तिथं येऊन वाजवून गेले. बागेत माणसं परत आली, आणि माणसं आली की बागेची आबाळ झाकून राहत नाही.

नुकसान बघूनच लोक पुढचा कायदा करतात. १९७२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी राज्यघटनेत एक कलम घातलं. बागेची किंवा राखलेली जमीन दुसऱ्या कामाला वापरायची असेल, तर राज्याच्या दोन्ही सभागृहांत तीनातल्या दोघांची मतं मिळाली पाहिजेत, आणि कुणी काय मत दिलं याची नोंद झाली पाहिजे. २०२२ मध्ये त्याला जोड मिळाली : अशी जमीन घेतलीच, तर बदल्यात तितक्याच मोलाची दुसरी जमीन द्यायची. १६४० चा तो गाईंच्या कुरणाचा ठराव आणि हे कलम, दोन्ही एकाच जातीची. भीड पडली तरी देता येऊ नये, म्हणून आधीच लिहून ठेवलेली.

बॉस्टनचं मंडळ आजही आहे. आता ते सात जणांचं आहे आणि त्यांना महापौर नेमतात. त्यांच्या सुनावण्या जाहीर होतात, कुणीही जाऊन बोलू शकतं. बागेपासून १०० फुटांच्या आत काही बांधायचं, तर या मंडळाची परवानगी लागते, कारण उंच इमारतीची सावली पडली की झाडं आणि गवत दोन्ही जातात. दर सात वर्षांनी शहर मोकळ्या जागांची योजना नव्यानं लिहितं : कुठल्या वस्तीला चालत जाण्याइतक्या अंतरावर बाग नाही, कुठं झाडं कमी, कुठं झोके मोडलेत. आणि त्या जुन्या घाणेरड्या खाडीच्या जागी, महायुद्धाच्या काळात १९४२ मध्ये लोकांना भाजीपाला लावायला वाफे दिले होते, ते आजही आहेत. लोक तिथं टोमॅटो, घेवडा, फुलं लावतात.

मैत्रिणींनो, बॉस्टन श्रीमंत शहर आहे, आपली ग्रामपंचायत तशी नाही. पण या गोष्टीतली बरीच कामं पैशाची नाहीतच. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. पुढच्या सभेत चार प्रश्न विचारता येतील. गावातल्या गायरानाचा आणि मैदानाचा सातबारा काय सांगतो, आणि प्रत्यक्ष मोजणी काय सांगते? ती जागा सांभाळायची जबाबदारी कुणाच्या नावावर लिहिली आहे? तिच्यासाठी या वर्षी किती पैसे ठेवले? आणि आपल्या वस्तीतली पाच वर्षांची मुलगी तिथं एकटी चालत जाऊन खेळू शकते का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर शाळेचं अंगण सुट्टीत उघडं ठेवायला मुख्याध्यापकांना अर्ज द्या. लक्ष ठेवायला गटातल्या बायकांच्या पाळ्या लावा. एक ट्रॉली वाळू आणा, ती चाळून, काचा-खडे काढून टाका, आणि रात्री झाकून ठेवा, नाहीतर कुत्री-मांजरं घाण करतात. पण हे ठरलं की बैठकीच्या वहीत लिहा, आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.